जोडीदाराचा जोडीदार

नरखेड हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे जंक्शन. नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या याच रुळांवरून धावतात आणि बडनेऱ्याकडे जाणारा फाटाही इथूनच फुटतो. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरूड. दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशाची हद्द आणि पांढुर्णा. आंबिया असो की मृग, बहार तोडणीला आला की संत्र्याचे ट्रक इथून निघतात आणि दूरदूरच्या मंड्यांत रिकामे होतात. कुणी कामासाठी इथे येतो, कुणी इथून बाहेर जातो. तालुक्याची हद्द नकाशावर ठळक असते. माणसांच्या नात्यांना ती ठाऊक नसते.

अशा तालुक्यात परमा, गरमी किंवा एचआयव्ही यांसारखा लैंगिक आजार आला, तर तो दोन-चार माणसांत विझेल की पसरत जाईल? हा प्रश्न निघाला की आपल्याकडे गाडी लगेच चारित्र्यावर जाते. गणित त्या वाटेला जात नाही. कोण कुणाशी, कधीपासून कधीपर्यंत आणि एकाच वेळी किती जणांशी जोडलेला आहे, एवढेच ते विचारते. त्यातून निघणारी उत्तरे आपल्या पक्क्या समजुतींना छेद देणारी आहेत, म्हणून ती गावपातळीवर पोहोचायला हवीत असे मला मनापासून वाटते. नरखेडचे नाव मी कुठल्या साथीमुळे घेतलेले नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याचे नाव इथे घालता येईल.

या गणिताचे एक मूळ मुंबईत आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याचे आकडे नोंदलेले होते. १९२७ साली विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला आणि आपल्या समीकरणांतून निघालेली वक्ररेषा मुंबईच्या या आकड्यांवर बसवून दाखवली. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर; कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकसंख्येचे तीन भाग त्यांनी कल्पिले. करोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे आलेख याच कुळातले होते.

त्याआधी रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाबद्दल असेच गणित मांडले होते. डास हिवताप पसरवतो याचा महत्त्वाचा पुरावा त्यांना १८९७ साली सिकंदराबादला मिळाला. पुढे त्यांनी दाखवले की हिवताप हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका उंबरठ्याखाली नेली की पुरते. हा उंबरठा साथीच्या सगळ्या गणिताचा कणा आहे. एक आजारी माणूस सरासरी एकाहून अधिक जणांना आजार देत असेल तर साथ वाढते, एकाहून कमी जणांना देत असेल तर ती आपोआप विझते.

लैंगिक आजारांसाठी हा अंक तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. एका जोडीत लागण पोचण्याची शक्यता किती, वर्षाला नवे जोडीदार किती आणि आजार अंगात किती काळ संसर्गजन्य राहतो. तिन्हींपैकी कुठलीही एक निम्मी केली तरी अंक निम्मा होतो. यातल्या पहिल्या गोष्टीवर निरोध काम करतो, तिसरीवर औषध. दुसरीवर उपदेश काम करतो असे आपण धरून चालतो.

पण मुंबईच्या प्लेगवर बसवलेल्या समीकरणांत एक गृहीतक दडलेले होते: कुणीही कुणालाही भेटू शकतो आणि सगळ्यांची भेटीगाठींची संख्या साधारण सारखीच असते. लैंगिक संबंधांत हे दोन्ही खोटे ठरते. संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही. बागेत डिंक्या पडला की तो सगळ्या झाडांवर सारखा पसरत नाही. ओलिताचे पाणी ज्या खोडाकडून ज्या खोडाकडे जाते, त्या वाटेने बुरशी जाते. म्हणून तर बुंध्याला पाणी लागू नये यासाठी दुहेरी आळे करायला सांगतात. इथेही वाटा आधी पाहाव्या लागतात.

एक काल्पनिक वस्ती घेऊ. हजार प्रौढ माणसे. सोपे जावे म्हणून स्त्री-पुरुष हा भेद बाजूला ठेवू. त्यांपैकी ९५० जणांना वर्षाला एकेक जोडीदार आहे आणि ५० जणांना वीस-वीस. सरासरी काढली तर माणशी दोनाहूनही किंचित कमी, १.९५ जोडीदार. एका जोडीत लागण पोचण्याची शक्यता २० टक्के आणि आजाराचा काळ सहा महिने धरला, तर गुणाकार येतो सुमारे ०.२. म्हणजे एकापेक्षा खूपच खाली. सरासरीवर विसंबणारा अधिकारी अहवालात लिहील, की या वस्तीला धोका नाही.

आता जोड्यांची टोके मोजा. प्रत्येक जोडीला दोन टोके, दोन माणसे. साडेनऊशे जणांकडे मिळून ९५० टोके आहेत आणि त्या पन्नास जणांकडे १,०००. लोकसंख्येत ते पाच टक्के, पण जोड्यांत अर्ध्याहून अधिक. म्हणजे जोड्या सरमिसळीने जुळत असतील, तर वस्तीतल्या एखाद्याचा जोडीदार या पन्नासांपैकी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आजार माणसांची सरासरी विचारत नाही, तो जोडीदाराच्या जोडीदारांची सरासरी विचारतो. ती या वस्तीत १.९५ नाही, जवळजवळ पावणेअकरा आहे. तोच गुणाकार पुन्हा केला की उत्तर १.०७ येते आणि उंबरठा ओलांडला जातो. माणसे तीच, सरासरीही तीच. फक्त वाटणी विषम असल्याने विझणारा आजार पसरणारा झाला.

१९७० च्या दशकात अमेरिकेत परम्याची मोठी साथ चालू होती. तिचा अभ्यास करताना हर्बर्ट हेथकोट आणि जेम्स यॉर्क यांनी या छोट्या गटाला गाभा म्हटले आणि साथ टिकून राहते ती या गाभ्यामुळे, असे दाखवले. १९८७ साली रॉबर्ट मे आणि रॉय अँडरसन यांनी एचआयव्हीसाठी तोच विचार एका सुटसुटीत सूत्रात बांधला: परिणामकारक जोडीदारसंख्या म्हणजे सरासरी, अधिक विषमतेचे मोजमाप भागिले सरासरी. वर पावणेअकरा आले ते याच सूत्राने.

आपल्या वस्तीत त्या पन्नास जणांच्या वीसपैकी फक्त सहा संबंधांत निरोधाने लागण रोखली गेली असे धरा. अंक १.०७ वरून सुमारे ०.६५ वर उतरतो. साथ संपली, आणि उरलेल्या साडेनऊशे जणांना कुणी एका शब्दानेही काही सांगितलेले नाही.

याच्या उलट करून पाहिले तर जे दिसते, त्याने मला पहिल्यांदा वाचताना थबकायला लावले होते. समजा, भीती घालणारी पोस्टरे लावली आणि त्यामुळे साध्या साडेनऊशे जणांनीच संबंध तीस टक्क्यांनी कमी केले. पन्नास जण मात्र पूर्वीसारखेच राहिले आणि जोड्या पूर्वीसारख्याच सरमिसळीने जुळत राहिल्या. आता टोकांपैकी गाभ्याचा वाटा साठ टक्क्यांवर जातो. परिणामकारक संख्या पावणेअकरावरून सव्वाबारापर्यंत चढते आणि अंक १.२३ होतो. सावध माणसे मागे सरल्याने साथ बळावली! २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या मायकेल क्रेमर यांनी १९९६ मध्ये एड्सबद्दल हा धोका मांडला होता. सरसकट सगळ्यांना घाबरवणाऱ्या प्रचाराविरुद्ध याहून सबळ युक्तिवाद मला माहीत नाही.

इथवर आपण जोडीदार मोजले, पण जोडी टिकते हे विसरलो. जुन्या समीकरणांत दोन माणसे भेटतात आणि लगेच विलग होतात. प्रत्यक्षात ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षे एकमेकांसोबत राहतात. क्लाउस डिट्झ आणि कार्ल हॅडेलर या जर्मन गणितज्ञांनी १९८८ साली जोड्या जुळण्याचा आणि तुटण्याचा वेगच समीकरणांत आणला, आणि चित्र बदलले. दोघेही निरोगी असलेली जोडी एकनिष्ठ राहिली, तर बाहेर कितीही आजार असो, तो आत येत नाही. एकाला लागण असेल तर ती दुसऱ्याला जाते आणि मग जोडीतच कोंडून राहते. त्या दोघांतले पुढचे शेकडो संबंध साथीच्या हिशेबात वाया जातात. जोडी तुटून नवी जुळेपर्यंत आजाराला वाट पाहावी लागते. मधला खंड आजाराच्या काळाहून लांब असेल, तर साखळी तिथेच तुटते. लवकर बऱ्या होणाऱ्या परम्याला हा खंड आडवा येतो. जन्मभर अंगात राहणाऱ्या एचआयव्हीला मात्र तो थोपवू शकत नाही.

त्याचबरोबर क्रमालाही महत्त्व येते. एका माणसाचे वर्षात दोन संबंध आले. पहिला उन्हाळ्यात संपला, दुसरा पावसाळ्यात सुरू झाला. दुसऱ्या जोडीदाराकडून त्याला लागण झाली, तर पहिली व्यक्ती सुरक्षित आहे, कारण काळ मागे वाहत नाही. पण दोन्ही संबंध एकाच वेळी चालू असतील, तर लागण दुसरीकडून पहिलीकडेही जाते आणि तिला थांबावेही लागत नाही. दवाखान्यातल्या केसपेपरवर दोन्ही वेळा ‘जोडीदार : २’ एवढेच लिहिले जाईल. एचआयव्हीच्या बाबतीत हे अधिक घातक आहे, कारण लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू अतोनात असतात आणि लागण पोचण्याची शक्यताही तेव्हाच सर्वाधिक असते.

मार्टिना मॉरिस आणि मिरियाम क्रेट्झश्मार यांनी १९९७ मध्ये संगणकावर अशा जोड्यांची वस्ती चालवून पाहिली. एकामागून एक येणाऱ्या संबंधांच्या तुलनेत, निम्मे संबंध एकाच वेळी चालणारे असतील, तर पाच वर्षांनी साथ दहा पट मोठी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आफ्रिकेतली एचआयव्हीची तीव्रता एवढ्या एका कारणाने समजते का, यावर पुढे जोरदार वाद झाला आणि तो रास्त होता. प्रत्यक्षातली माणसे संगणकातल्यासारखी वागत नाहीत. पण मुळातले गणित त्या वादात डळमळले नाही.

आपल्याकडे या मुद्द्याला स्थलांतराचे अंग आहे. कामासाठी शहरात गेलेला माणूस पोळ्याला, दिवाळीला घरी येतो. गावातले नाते तुटलेले नसते. मधल्या काळात ते फक्त थांबलेले असते. शहरात दुसरे नाते जुळले, तर अंतर शेकडो किलोमीटरचे असले तरी गणिताच्या लेखी दोन्ही संबंध एकाच वेळी जिवंत आहेत. मागे राहिलेल्या जोडीदारालाही हाच नियम लागू. एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांना दोन गटांमधला पूल मानतात. त्या शब्दामागचा विचार हाच आहे, त्यात कुणावर ठपका नाही.

आजार घरातल्या जोडीदारापर्यंत कसा पोचतो, याचा सर्वांत दुःखद पुरावा पुण्यात मिळाला. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. डॉ. रमण गंगाखेडकर, जे पुढे करोनाच्या काळात घरोघरी ओळखीचे झाले, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या नऊशेहून अधिक स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या एचआयव्हीबाधित होत्या. पण हादरवणारी ओळ दुसरी होती. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित स्त्रियांत दर सात जणींमागे जवळजवळ एक बाधित होती, आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांचा आयुष्यातला एकमेव जोडीदार नवरा होता. १९९७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

अशा बाईचा स्वतःचा जोडीदारांचा आकडा एक आहे. तो कमी करायला जागाच नाही. तिचा धोका जोडीदाराच्या जोडीदारांवरून ठरतो, आणि तो तिच्या हातात नाही. एकनिष्ठ राहा हा सल्ला तिला देणे म्हणजे तिने कधीच न मोडलेला नियम तिलाच पुन्हा ऐकवणे. लागण झाल्यावर सासरी तिलाच दोष दिला जातो, तेव्हा माणुसकीइतकाच हिशेबही चुकतो.

गुणाकारातली तिसरी गोष्ट, आजाराचा काळ, विदर्भाला चांगली ठाऊक असायला हवी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन मार्गाचा कुठला ना कुठला आजार होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने जगभरात ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे बघण्याची दृष्टी बदलली. यातले सगळेच आजार संबंधांतून येणारे नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. पण जे होते, ते किती काळ अंगात राहत असतील याचा अंदाज त्या आठ टक्क्यांवरून येतो. परमा, क्लॅमिडिया हे आजार स्त्रियांत अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाहीत. लक्षण दिसले तरी सांगायचे कुणाला? लाज, दवाखान्यात बाई डॉक्टर नसणे, एकटीने तालुक्याला जाता न येणे, हे सगळे समीकरणात एका अक्षराच्या रूपाने येते. ते अक्षर म्हणजे काळ.

सरकारी दवाखान्यांत आज लक्षणांनुसार रंगीत पाकिटांतून औषधे मोफत मिळतात. मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर करड्या रंगाचे पाकीट, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. जोडीदारालाही औषध द्यावे असा नियम आहे, आणि जोड्यांच्या गणितात तो कळीचा आहे. नवऱ्याने एकट्याने औषध घेतले आणि बायको तशीच राहिली, तर तो बरा होऊन महिन्याभरात पुन्हा बाधित होतो आणि औषध लागू पडले नाही असा गैरसमज घेऊन बसतो. दोघांनी एकाच वेळी औषध घेतले तरच ती जोडी आजाराच्या वाटेवरून बाहेर पडते.

एचआयव्ही औषधाने जात नाही, पण त्याच्या गुणाकारातली पहिली संख्या, म्हणजे लागण पोचण्याची शक्यता, जवळजवळ पुसता येते. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही अशी १,७६३ जोडपी घेऊन नऊ देशांत एक मोठी चाचणी झाली. पुण्याची ‘नारी’ आणि चेन्नई ही तिची भारतातली केंद्रे होती. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. २०१७ पासून भारतात एचआयव्हीचे निदान होताच, रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता, औषध सुरू केले जाते.

गाभ्यावर काम कसे करावे, हे महाराष्ट्रात सांगलीने दाखवले. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या केले. निरोध वाटणाऱ्याही त्याच, समजावणाऱ्याही त्याच. १९९६ साली त्यांची स्वतःची ‘वॅम्प’ ही संघटना झाली. याउलट वस्तीवर छापा घालून स्त्रियांना पांगवले, तर गणिताच्या दृष्टीने जोड्यांच्या जाळ्यातल्या गाठी फक्त हलतात आणि कार्यकर्त्यांच्या नजरेआड जातात. २००३ साली सुरू झालेल्या ‘आवाहन’ प्रकल्पाने महाराष्ट्रासह चार मोठ्या राज्यांतल्या ६९ जिल्ह्यांत असेच काम वाढवले. त्यामुळे दहा वर्षांत सुमारे ६ लाख लागणी टळल्या, असा अंदाज गणिती प्रारूपांनी २०१३ मध्ये दिला. न झालेली लागण मोजायला प्रारूपावाचून दुसरा मार्ग नसतो.

प्रारूपांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असे मात्र नाही. २००५ साली भारतात ५२ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा सरकारी अंदाज होता. २००७ मध्ये तो एकदम सुमारे २५ लाखांवर आला. रातोरात कुणी बरे झाले नव्हते. आधीचा अंदाज सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती आणि लैंगिक आजारांच्या रुग्णांवरून काढलेला होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक सर्वसामान्य लोकांचे रक्त तपासले गेले, आणि दवाखान्यातली माणसे म्हणजे सगळा समाज नव्हे, हे उघड झाले. जोडीदारांची संख्या विचारणाऱ्या पाहण्यांत तर चूक आत शिरलेलीच असते. स्त्री-पुरुष संबंधांत पुरुषांच्या जोड्यांची बेरीज आणि स्त्रियांच्या जोड्यांची बेरीज सारखीच यायला हवी. जगभरातल्या पाहण्यांत पुरुषांची बेरीज जास्त येते. कुणी फुगवून सांगते, कुणी लपवते, आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया घरोघरच्या यादीत अनेकदा येतच नाहीत.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २४ लाख एचआयव्हीबाधित होते. त्यांपैकी ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे इतर कुठल्याही राज्याहून अधिक. हा आकडाही प्रारूपातूनच आलेला आहे आणि राज्याला औषधे, तपासणी संच आणि समुपदेशक किती लागतील हे ठरवायला तो उपयोगी आहे. नरखेडसारख्या एकेका तालुक्यासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे बाधितांच्या टक्केवारीऐवजी मी दोनच गोष्टी नोंदवायला सांगेन: पहिले लक्षण दिसल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले, आणि त्याच आठवड्यात किती रुग्णांच्या जोडीदारांना औषध मिळाले. नावे न लिहिता हे मोजता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाधितांची गोपनीयता बंधनकारकच केली आहे. जोडीदार पुण्याला किंवा सुरतेला असेल, तर तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल अशी बिननावाची चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यायला हवी, आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक तिच्यावर ठळक छापलेला असायला हवा.